कलमचाकू

जळगावच्या बियाण्याच्या दुकानातून आणला,
तीनशे चाळीस रुपये, पिशवीचे वेगळे.
लाकडी मूठ, पितळी खिळा,
पात्यावर नखाएवढी खाच.
दुकानदार म्हणाला, उघडेल की हळूहळू.
घरी येईतो उजव्या अंगठ्याचं नख
मुळापासून गेलं होतं.

एकतीस वर्षं काढली मी एरंडोल डेपोत.
याच अंगठ्यानं तिकिटांना भोकं पाडली,
पंच वाजवत सरकलो गाडीतल्या मधल्या वाटेनं,
बोचकी, कोंबड्या, कुणाचे तरी पाय.
पुढे गळ्यात यंत्र आलं.
पंच जमा केला, रजिस्टरात सही केली,
अंगठ्याला मात्र कुणी कळवलं नाही.
चाकू हातात आला की तो तसाच दाबतो,
एकदा, खटकन, आणि पुढचा माणूस.
चाकूला पुढचा माणूस नसतो.

म्हसावदच्या नर्सरीत मी नवशिका.
ठगूबाईच्या चाकूचं पातं झिजून
निंबाच्या पानाएवढं उरलंय.
ती ते उघडते बोलता बोलता,
शेंग सोलावी तसं.
रानबोरीच्या सालीवर आडवी रेघ, उभी रेघ,
मेहरूणच्या बोरीचा डोळा आत सरकवते,
पट्टी गुंडाळते, पुढच्या रोपाशी बसते.
माझ्याकडे न बघता म्हणते,
‘जोर नका लावू भाऊ. त्याले वाट द्या.’
चाकूला वाट कशी देतात?

घरी तेल घातलं, शेंगदाण्याचं.
दोन दिवसांत धूळ आणि कापसाचे तंतू
खिळ्यापाशी जाऊन बसले,
चाकू आधीपेक्षा हट्टी झाला.
भाच्याच्या गॅरेजातून वाटीभर डिझेल आणलं,
धुतला, पुसला,
शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडला.
रात्री ओट्यावर बसून
उघड, मीट, उघड.
अर्ध्यावर येऊन पातं अडतं,
घाटात जुनी गाडी अडावी तसं,
आणि नेमका तिथं मी घाई करतो.
कौसल्या आतून ओरडते,
‘झोपा आता! एवढ्या रात्री
कोणाची तिकिटं फाडताय?’
मी मनात मोजत असतो. सत्तर. एकाहत्तर.

काल दुपारी शेडमध्ये बसलो होतो,
अंगावर हिरव्या जाळीची सावली.
ठगूबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली,
‘तुम्ही माले एकदाव फाटावर उतारी दिनं व्हतं.
रुपया कमी व्हता. पोर कडेवर व्हती.’
आवाजात राग नव्हता.
विहिरीला पाणी किती आहे ते सांगावं,
तसं सांगितलं तिनं.
मी आठवू लागलो, कुठला फाटा, कुठलं साल,
ऊन होतं की सांज.
काही म्हणता काही आठवेना.
आठवतं असं म्हणता आलं असतं.
‘मग?’ एवढंच विचारलं मी.
‘मंग काय. चालत गयू.’

हातात काहीतरी हललं.
खाली पाहिलं तर चाकू उघडा,
पूर्ण, सरळ, आवाज न करता.
खाचेवर अंगठा नव्हताच.
पातं चिमटीत नुसतं धरलेलं,
आणि मूठच आपली मागे गेली होती.

ठगूबाईनं पाहिलं, हसली नाही.
हात धुऊन बोरीची फांदी पुढे केली,
‘घ्या. डोळा काढा.’
पहिला वाकडा निघाला.
दुसऱ्याला लाकूड चिकटून आलं.
तिसरा तिनं उलटसुलट करून
ओल्या फडक्यात ठेवला, कुणाला न सांगता.

संध्याकाळी चाकू मिटताना बोट कापलं.
मिटायचं कुणी शिकवलंच नव्हतं.
तिनं कलमाची पट्टी घेतली
आणि माझ्या बोटाला गुंडाळली,
रोपाला गुंडाळते तशीच, घट्ट,
पण फार घट्ट नाही.