वाचनाची पाळी

बुधवारी वाचनाची पाळी माझी होती.
कोंडिविट्याच्या गावठाणात, प्लेगच्या साली उभारलेल्या
क्रुसाजवळ मेणबत्त्या, झेंडूचा हार, पंधरा-वीस बायका,
मागे स्कूटरला टेकून दोन-चार पुरुष.
त्यांच्यात कायतान, माझा पाठचा भाऊ.

पान उघडलं आणि घसा कोरडा पडला.
समजू नका, येशू म्हणतो, की मी शांतता घेऊन आलोय –
इतक्यात विमान आलं.
दर तीन मिनिटांनी एक जातं इथे, छपरांना पोट घासत,
आणि आम्ही वाक्य तसंच धरून उभे राहतो,
कडेवरच्या मुलासारखं.
विमान गेलं. मी उरलेलं वाक्य खाली ठेवलं:
तलवार.
‘शांतता’ ऐकून सिसिलमावशीने मान डोलावली होती.
ती अर्ध्यातच राहिली.

पुढे तर घरचीच यादी. बाप आणि लेक,
सासू आणि सून, वैरी उंबऱ्याच्या आतले.
मी वर पाहिलं नाही.

पपा सुतार होते. गोदीत करवतीने
त्यांच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर नेलं,
तेव्हा कायतान जन्मलाही नव्हता.
बिल्डरच्या कागदावरचा डावा अंगठा अख्खा आहे.
निळा, गोल, एकेक रेघ जागच्या जागी.
मंगळवारी अंधेरीच्या कोर्टात
मला एवढंच सांगायचं होतं.

“बाय, कोर्टान जाव नको,” मावशी म्हणाली,
“सक्का भाव हाय तुजा.”
फादर म्हणाले, दुसरा गाल.
दुसरा गाल देईन, फादर, तो माझा आहे.
अंगठा पपांचा होता.

रात्री पीठ फुगत ठेवून मी त्याच्याशीच भांडले.
झगा विका, तलवार घ्या, म्हणालास.
त्यांनी दोन काढून दाखवल्या, तर म्हणालास, पुरे.
पुरे म्हणजे काय?
भागेल, की आता थांबा?
बत्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं
आणि या एका शब्दाशी अडले.
आई दोन्ही वेळा हेच म्हणायची,
भात वाढताना, आणि आम्ही एकमेकांचे केस ओढताना.
आणि त्याच रात्री, तलवार चाललीच, तेव्हा
नोकराचा तुटलेला कान तू परत बसवलास.
पपांचं पेर कुठेय?

जगासारखी शांती देत नाही, म्हणतोस.
जगाची मला ठाऊक आहे. उकळत्या टोपावर
दाबून बसवलेलं झाकण, वर ठेवलेला वरवंटा.
आमच्याकडे ती वर्षानुवर्षं शिजली.
तुझी कशी असते, ते नीट सांगत नाहीस.
सांगतोस ते भलतंच: दान वेदीपाशी तसंच ठेव,
आधी भावाकडे जा.
भाऊ खोटा असेल तर काय,
हे विचारायला तिथे जागाच ठेवलेली नाहीस.

रविवारी मिस्सा अर्ध्यावर सोडून निघाले.
मरोळला, टॉवरचा चौथा मजला. लोखंडी जाळीचं दार.
आत कायतान, बनियनवर.
मी म्हणाले, मंगळवारी मी खरं सांगणार आहे.
फुग्या आणल्यात.
दोन वाक्यं. मध्ये ‘पण’ घातला नाही.
डबा गजांतून जाईना.
त्याने कडी काढली,
डब्यापुरतंच दार उघडलं.

मंगळवारी साहेबांनी विचारलं, कुठला अंगठा?
मी माझा डावा वर केला
आणि उजव्या हाताने तो अर्धा झाकला.
कायतान खिडकीबाहेर बघत होता.

शनिवारी भाच्यासोबत डबा परत आला.
घासलेला, रिकामा.
झाकण मात्र दुसऱ्याच कुठल्या डब्याचं.
एका बाजूने दाबलं
की दुसऱ्या बाजूने वर येतं.