आतली बाजू

मोखोटलाँगच्या वरच्या अंगाला
डांबर संपतं, वारा सुरू होतो,
तिथे मामोलेफेचं गॅरेज:
एक कंटेनर, एक खड्डा, एक कुत्रं.
टॉर्च धरायला मी.

सेखोबे आला तो इंजिन चालू ठेवूनच,
मागे लोकरीचे सहा गठ्ठे.
"ब्रेक जरा किंचाळतात, इतकंच.
दोन थेंब तेल सोड."
ती हसली नाही.
हे वाक्य तिने आधीही एकाकडून ऐकलं होतं,
पुढच्या रविवारी चर्चमध्ये
त्याचं ब्लँकेट तेवढं घडी घालून ठेवलेलं.

चाकाच्या फटीतून बोट घालून तो म्हणाला,
"हे बघ, पॅड केवढं जाड आहे."
दिसतं ते बाहेरचं पॅड.
बाहेरचं सगळ्यांचंच जाड असतं.

मागच्या चाकाला दगड, पुढे जॅक.
कॅलिपर तिने तारेने स्प्रिंगला टांगला,
मोडक्या हाताला झोळी बांधावी तसा,
होजवर भार येऊ दिला नाही.
मग आतलं पॅड बाहेर आलं.
लायनिंग नव्हतंच. नुसता पत्रा,
लोखंडाने लोखंड खाल्लेलं.
पिन गंजून बसली होती, सरकणं विसरलेली;
एकच बाजू झिजत राहिली,
दुसरी शेजारी उभी.
रोटरवर तिने नख फिरवलं.
ते प्रत्येक खाचेत अडखळलं.

मायक्रोमीटर बिस्किटांच्या डब्यात असतो,
झाकणावर कुठलीशी राणी.
बावीस पूर्णांक चार.
रोटरच्या अंगावर ओतकामातच लिहिलेलं:
तेवीसच्या खाली नको.
"लेथवर घासून दे ना."
"उरलंच नाही ते घासू कुठून?"
त्याने पैसे दोनदा मोजले.
तिने किल्ली डब्यात टाकली, राणीखाली.

तीन रात्री तो गठ्ठ्यांवर झोपला.
चौथ्या दिवशी बुथा-बुथेच्या बसमधून रोटर आले,
एका म्हातारीच्या मांडीवर;
तिला वाटलं, ताटं आहेत.

नव्यावरचं तेल पुसलं,
पिनांना तीळभर ग्रीस,
नट समोरासमोरचे आवळले.
"पहिल्यांदा पाय तळाला जाईल. भिऊ नको.
दाबत राहा, वर येतो."
मग मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीस,
साठवरून वीस, पूर्ण थांबायचं नाही.
मी मागे बसून मोजत होते.
सातव्या खेपेला जळका वास आला.
"येऊ दे," मामोलेफे म्हणाली.

सानीच्या घाटात तो पहिल्या गिअरमध्ये उतरला म्हणे.
म्हणे; फोन काही त्याने केला नाही.
निम्मे पैसे अजून यायचेत.

जुना रोटर फाटकाशी आहे,
वाऱ्याने ते आपटू नये म्हणून.
तांबूस झालाय. आकडा वाचता येतो.
येता-जाता मी त्यावर नख फिरवते.