शंभर पेशी

मंद्रुपच्या पुढं काळी माती संपते, खडकाळ माळ लागतो.
तिथं म्हाळाप्पाची मेंढरं
ऊन कलताना टॉवरच्या सावलीत उभी राहतात.
सावली म्हणजे काय, लोखंडी पट्ट्यांची रेघ:
एक मेंढी, तिच्यामागं एक, तिच्यामागं एक.
सूर्य हलला की अख्खी ओळ पाऊलभर सरकते.
वर चारशे केव्ही.

मी ट्यूबलाइटची जुनी नळी नेली होती.
अंधार पडल्यावर तारेखाली उभी धरली,
ना वायर, ना बटण,
आणि ती मंद उजळली.
नातू हसला. म्हाळाप्पा नाही.
"बाई, हे मेंढरांच्या अंगातनं बी जातंय का?"
जातं, म्हटलं. तुमच्या-माझ्याही.
सेकंदाला पन्नास वेळा येतं आणि परततं.
"परततंय म्हंजे, कायतरी घिऊनच जात असंल की."
मी बॅगेतून सुई काढली.

वीस माद्या तारेखालच्या, वीस कोसभर लांबच्या.
मानेवरची लोकर सारून शीर चाचपायची,
जांभळ्या टोपणाची बाटली, बर्फाचा डबा.
सतरा नंबरची, तपकिरी चट्ट्याची, कान कातरलेली,
हलली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

मग काच, रंग, तेलाचा एक थेंब.
शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या.
गोल, गच्च केंद्रकाची: टक.
तुकड्यातुकड्यांच्या केंद्रकाची: टक.
शंभर झाल्या की यंत्राची घंटी वाजते.

नायना पूर्व भागात चादरीच्या मागावर होते.
त्यांना आवाजानं कधी जाग आली नाही.
लाइट गेली, माग थांबले,
की दचकून उठायचे, "एमायंदी?"
शेवटची तीन वर्षं प्रत्येक साथ त्यांच्या छातीत मुक्कामाला.
डॉक्टर म्हणाले, कापसाची धूळ.
केसपेपरवर पुढं प्रश्नचिन्ह होतं, छोटं,
मी ते अजून विसरलेली नाही.

तारेखालच्या लिम्फोसाइट थोड्या कमी भरल्या.
लस टोचल्यावरची प्रतिपिंडंही. थोडी.
पण त्याच कळपात जंत जास्त,
चारा तर दोन्हीकडं नव्हताच.
सरांनी चष्मा पुसला. "हे तारेचं, की जंतांचं, की उन्हाचं?"
अहवालात शेवटी लिहिलं:
फरक आढळला; कारण निश्चित करता आले नाही.
वाक्य शुद्ध आहे. दोनदा तपासलंय.

म्हाळाप्पाला ते वाचून दाखवलं, मग सोपं करून सांगितलं.
तो तंबाखू मळत राहिला.
"म्हंजे तुमचं बी आमच्यावानीच.
वास येतोय, लांडगा दिसंना."
तरीही लांब बसवा, म्हटलं.
त्यानं माळावरून हात फिरवला,
बाभूळसुद्धा नाही.
"दुसरी सावली दावा, उद्या हलवतो."

आज सतराची काच पुन्हा लावली.
एकटीच आहे, सरांना सांगितलेलं नाही.
टक, टक. त्रेसष्टला लाइट गेली.
फ्रीजची घरघर थांबली, मग गल्लीतले माग,
शेवटी कुठलातरी एकटा पंखा.
आता कुणीतरी दचकून उठलं असणार.

माळावरची तार चालूच असेल.
ती मंद्रुपसाठी नाहीच, लांब कुठंतरी जाते.
अंधारात यंत्रावर बोट ठेवून बसले आहे,
आकडा विसरू नये म्हणून.
त्रेसष्ट.