सोमवारची गोळी

मी सहाला उठते, हात साडेसातला.
मधला दीड तास
मी पलंगाच्या कडेला, ते मांडीवर उताणे.
गरम पाण्याच्या टोपात बुडवले की
एकेक बोट कुरकुरत हजेरी लावतं.
अंगठ्याचा रोजचा लेट मार्क.

एकतीस वर्षं याच हातांनी
नेरूळचे रस्ते काढले, ट्रेसिंग पेपरवर.
बाहेर चिखल होता तेव्हा
सेक्टर आधी माझ्या टेबलावर उभे राहिले.
साहेब म्हणायचे, वसुधाबाई, तुमच्या रेषेवर
पाणी ठेवलं तरी कलणार नाही.
मुलीचं नाव ऋजुता ठेवलं, ते त्याच गुर्मीत.

गुरुवारी बँकेत सही जुळली नाही.
काउंटरवरच्या नाखव्यांच्या पोरानं
जुनं कार्ड पुढं सरकवलं, काकू, ही तुमचीच ना?
माझीच. टोकदार, घाईतली,
कुणाची भीड नसलेली.
स्लिपवरचा 'ध' मात्र
बाकावर पेंगणाऱ्या माणसासारखा कलंडलेला.
अंगठा दिलात तरी चालेल, तो हळूच म्हणाला.
आई द्यायची अंगठा, रेशनच्या दुकानात.
म्हणून तर तिनं मला शाळेत घातलं होतं.

रात्री मी हिशोब करते, आता काय जाईल.
झाकण गेलं. कुलूप गेलं. ब्लाउजचे हुक.
मग कंगवा, मग
चमचा.
चमच्यापाशी उठून दिवा लावते.

डॉक्टर म्हणतात, दाबून ठेवू.
'बरं होईल' त्यांनी एकदाही म्हटलं नाही,
त्यामुळंच माझा त्यांच्यावर विश्वास.
एक्स-रे खिडकीला धरला तर
शिरवणे दिसलं, करावे, सारसोळे:
आमची सरळ रेघ जिथं येऊन
मुकाट वाकायची,
कारण तिथं आधीपासून कुणीतरी राहत होतं.

काल नातवाला नकाशा हवा होता, भूगोलाचा.
खाडीची कड मला कधीच जमली नव्हती.
पेन सैल सोडा, साहेब ओरडायचे,
तुम्ही खाडी काढताय की गटार?
काल ती आपोआप आली,
ओहोटीसकट, चिखलासकट.
नातू म्हणाला, भारी.

यात आनंद मानायचा का, कळत नाही.
मला सरळ रेघच हवी होती.
तो झोपल्यावर पट्टी धरून बघितली. पट्टी सरकली.

बँकेचा फॉर्म अजून फ्रिजवर आहे, अंगठ्याविना.
आज सोमवार.
गोळ्यांची पट्टी बोटांनी फुटत नाही,
ती मी दातांनी फोडते.