चार पावलं

एकवीस दिवस मी नाला ओलांडला नाही.
पलीकडे मोह गळतोय,
वास कुडातून आत येतो, उशाशी बसतो.
माझी टोपली चुलीमागे उपडी,
तिच्यावर कोंबडी झोपते.

फुलवंता, माझी जाऊ, चार पावलं पुढे होती.
तिचं लुगडं हिरवं, एवढंच नीट आठवतं.
वाघाच्या पायाला आवाज नसतो
हे लोक सांगत, तेव्हा मी हसायची.

मग वनखात्याची माणसं आली,
ठशावर काच ठेवून तिच्यावर रेघ ओढली,
कागदावर माझा अंगठा घेतला.
मला सही येते, हे सांगायचं राहिलं.

पाळकसाहेब पंधरा दिवसांनी मूलहून येतात, फटफटीवर.
डोक्यावर हात ठेवून म्हणाले, भिऊ नकोस.
मी आमेन म्हटलं, मोठ्यानं,
आणि रात्री न्हाणीपर्यंत जायला
नवऱ्याला उठवलं.
आमेन म्हणणाऱ्या तोंडालाही कोरड पडते
हे मंडळीत बोलायची रीत नाही.

शनिवारी दिवेलागणीला
सातवीतला शमुवेल शास्त्र वाचत होता, अडखळत.
अडखळला नसता तर कानावरून गेलं असतं:
कबरेकडे पहाटे बायाच गेल्या होत्या,
आणि त्या भ्याल्या होत्या.
तो शब्द त्यानं दोनदा वाचला.
तोंडावरचा दगड कोण लोटणार
हेही ठरलं नव्हतं त्यांचं,
तरी निघाल्या.

रात्री फोन आला, पाळकसाहेब सिंदेवाहीला अडकले,
यंदा घरीच उपासना करा.
माणसं म्हणाली, बरोबर आहे, घरीच करू.
आमची स्मशानभूमी नाल्यापलीकडे,
जंगलाला लागून.
दर वर्षी पुनरुत्थानाची पहाट तिथेच होते,
कबरीकबरीवर मेणबत्ती.
फुलवंताची माती अजून बसलीही नव्हती.

तीन वाजता सासू उठली, कंदील घेतला.
"मी चालली. ज्याले यायचं त्यानं यावं."
फुलवंताची सासू ती, माझीही.
मी जर्मनची थाळी उचलली, वाजवायला,
आणि निघाले, का ते ठाऊक नाही.
आणखी तिघी आल्या. एकीचं लेकरू पाठीशी.

नाल्यात गुडघ्याएवढा अंधार, पाणी घोट्याएवढं.
भीती घरी राहिली नाही,
सासूच्या आणि माझ्या मधून चालत होती,
पाचोळ्यात तिचीही पावलं वाजत होती.
मी प्रभूला म्हटलं, मला धीट करू नको,
ते काही जमणार नाही.
तू नुसता पुढे चाल.
चार पावलं. तेवढंच अंतर ठेव.

उत्तर आलं नाही.
सासूचा कंदील तेवढा
हलत राहिला पुढे.

कबरीवर रात्रभर मोह गळला होता.
मेणबत्ती तीनदा विझली.
गीत कुणीतरी फार वर धरलं,
कुणालाच पेललं नाही, मधेच थांबलो,
आणि लेकरू हसलं.

उजाडताना सासू कबरीशी बसली,
मातीवरची फुलं पदरात वेचू लागली.
"वाया कायले जाऊ द्या वं.
तिलेच लय आवड होती."
मीही बसले. ओटी भरली.
थाळी वाजवायची विसरलेच होते,
परतताना आठवलं.

घरी कोंबडीला उठवून टोपली सुलटी केली.
रात्री अजून नवऱ्याला उठवते.
तो कुरकुरतो, उठतो.