शेऱ्याचा रकाना

शिवाजीनगरला कंडक्टर ओरडायचा, "सिमला ऑफिसऽ",
आणि मी उतरायचे. डबा, छत्री, घामेजलेला रुमाल.
बर्फ काय तो रसवंतीतच पाहिलेला,
गोणपाटाखाली, लाकडाच्या भुशात.

वेधशाळेत माझ्या टेबलावर डोंगरातली सात ठाणी.
शेवटचं स्पीतीतलं :
ऑक्टोबरात खिंड मिटली की जूनपर्यंत मुकं.
मग जुलैत सगळा हिवाळा एकदम यायचा
सुतळीने बांधलेला,
धुराचा आणि खवट लोण्याचा वास घेऊन.
टिळेकरबाई नाकाला पदर लावायच्या.

निरीक्षक : अंगदुई.
उणे एकवीस. उणे सव्वीस. उणे चोवीस दशांश पाच.
मी हिरव्या पेन्सिलीने टिंबं देत तपासायचे,
पंखा पाचवर, कागदांवर पेपरवेट.

शेऱ्याच्या रकान्यात धुकं, गारा, वारा एवढंच लिहायचं असतं.
तो लिहायचा :
शाई गोठली, आजपासून पेन्सिल.
नदी वरून थांबली, कान लावला तर खालून चालू आहे.
गवत छपरावर, जनावरं तळाला, आम्ही मधे.
सूर्य दहा वीसला आला, दोन पाचला समोरच्या कड्याने घेतला.
याकने पर्जन्यमापकाला धडक दिली, दोघेही ठीक.
बर्फावर माती पसरतोय, शेत लवकर उघडं पडावं म्हणून.

हे सगळं मी वाचायचे आणि पान उलटायचे.
पंचकार्डाला भोकं पडतात ती आकड्यांचीच.

एकोणऐंशीच्या जानेवारीत अकरा चौकोन कोरे.
नियमाप्रमाणे मी खुलासा मागवला.
फाइल हलेपर्यंत खिंड मिटली,
उत्तर आलं पुढच्या जुलैत :

"तापात होतो. बायको बुटित रोज पेटीपाशी गेली.
बर्फ कमरेइतका. तिला आकडे येत नाहीत.
नळीवर लोकर धरायची, आतल्या खुणेपर्यंत, आणि तोडायची.
सोबत जोडले आहे. कृपया मान्य व्हावे."

चहाच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर जवाच्या खळीने ओळीत चिकटवलेले
काळ्या लोकरीचे अकरा धागे.

थंडी जितकी जास्त, धागा तितका आखूड.
हे समजायला मला थोडा वेळ लागला.
मग भांडारातून तसलीच नळी सही करून घेतली,
जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता
एकेक धाग्याशेजारी ठेवून पाहिली.
पहिला, उणे बावीस. चौथा, पंचवीसच्या आसपास.
नववा करंगळीच्या पेराएवढा.
उणे एकतीस.
बाहेर कोणीतरी चहावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं.

चोळकर साहेबांनी पुठ्ठा उलटासुलटा पाहिला.
"लोकर हे मान्यताप्राप्त उपकरण नाही, बाई."
बरोबरच होतं. लोकर ताणते.
मी स्वतः विणते, मला ठाऊक आहे.
अकरा चौकोनांत मीच लिहिलं
सुवाच्य अक्षरात : नोंद नाही.

अंगदुईला काय कळवलं?
छापील पोचपावती. तिच्यात शेऱ्याचा रकाना नसतो.

आता डिसेंबरात पारा आठवर आला
की पेपरात पुणे गारठतं.
सोसायटीत कानटोप्या निघतात,
वॉचमन टायर जाळतो, खालचे आगाशे म्हणतात
काश्मीरच झालंय हो.
मी हो म्हणते.
वर येऊन कपाटातला पुठ्ठा काढते.
खळ सुटत आलीय. सातवा धागा कधीतरी हरवला,
कसर लागली की झाडताना गेला, कोण जाणे.

नववा आहे.
इतकी वर्षं मी त्याची लांबीच मोजत होते.
परवा सुईत दोरा ओवताना लक्षात आलं :
एवढा आखूड धागा
नळीवर नीट धरायचा, नेमका तोडायचा,
तर हातमोजा काढावा लागतो.