कच्चा रंग

लेझर एप्रिलात करू नये,
हे त्यांनी मला जूनमध्ये सांगितलं.
धरमपेठेतलं क्लिनिक, एसी असा की दातावर दात.
सहा सिटिंगचं पॅकेज. पाचव्याला वरच्या ओठावर चटका बसला.
'नॉर्मल आहे,' मशीनवाली मुलगी म्हणाली
आणि कोरफडीचं जेल लावलं, गार, हिरवं.

आठवड्याने खपली गेली.
खाली मिशी.
केसांची नव्हे, ते तर खरंच गेले होते.
रंगाची मिशी, चौकोनी ठशांची,
एकाला एक लागून,
पोस्टातल्या माणसाने घाईत मारलेल्या शिक्क्यांसारखी.

'उन्हात जाऊ नका,' डॉक्टर म्हणाले.
बाहेर पारा पंचेचाळिसावर.
बर्डीच्या सिग्नलला डांबर चप्पल धरून ठेवत होतं.
म्हटलं, मग जाऊ कुठे?
ते हसले नाहीत.
सनस्क्रीन लिहून दिलं, दर तीन तासांनी.
रात्रीची ट्यूब. सहा महिने.
चिठ्ठी फाडताना हळूच: 'कदाचित वर्ष.'

नागपूरचा एक उपकार मानते मी.
उन्हाळ्यात इथे कुणाला तोंडच नसतं.
साऱ्या पोरी स्कार्फ गुंडाळून डोळ्यांपुरत्या उरतात,
त्यांच्यात मी एक, बिनबोभाट.
वीजबिलाच्या खिडकीवर मात्र काच,
काचेमागे मी, माझा मास्क.
'काहून मॅडम, कोरोना वापस आला का?'
मी सुटे मोजून दिले. बारा रुपये.

लिंबू चोळलं. एकदाच.
त्याबद्दल बोलत नाही.

दिवाळी झाली, गारवा आला,
शहराने स्कार्फ सोडले. मी सोडला नाही.
घरातसुद्धा.
बाबांनी चाळीस वर्षं गोळीबार चौकाजवळ
लुगड्यांचं सूत रंगवलं.
नखांच्या कडेला अजून निळं आहे,
आईच्या दहाव्यालाही होतं.
एका रात्री जेवता जेवता म्हणाले, 'सोड तो फडका.'
अंगठा पेल्यात बुडवला
आणि माझ्या ओठावरून घासला,
लडी तपासावी तसा, दोनदा,
मग ट्यूबलाइटकडे धरून पाहिला.

'कच्चा हाय. जाईन.'

बाबा, अंगठ्याला तर काही लागलं नाही.
म्हणजे पक्काच ना?

'ते सुताचं झालं.
सूत उन्हात उतरते, कातडं उन्हात चढते.
उलटा धंदा हाय तुहा.
सावलीत वाळव.'
आणि वरण मागितलं.

आता फेब्रुवारी.
डावीकडचे ठसे चहात दूध जास्त झाल्यासारखे.
उजवीकडचे हट्टी;
संध्याकाळी घरी येताना ऊन त्याच अंगाला असतं.
काही दिवस आरसा बघायचा विसरते,
काही दिवस ऑफिसात बिल लिहिताना
तोंडावर हात आपोआप जातो.

काल क्लिनिकमधून फोन:
'मॅडम, तुमची सहावी सिटिंग बाकी आहे,
मार्चअखेर लॅप्स होईल.'
होऊ द्या, म्हटलं.
तीच मुलगी होती. आवाज ओळखला मी.
ती क्षणभर थांबली, मग विचारलं,
'गेलं का, ते?'
जातंय, म्हटलं.

सकाळी निघते तेव्हा
स्कूटी काल लावली तिथे नसते.
आधीच कडुनिंबाखाली सरकवलेली,
सीटवर दोन पिवळी पानं.
'तापते न सीट,' बाबा म्हणतात,
पेपरातून मान वर न काढता.
पानं झटकते,
स्कार्फ बांधते, जरा सैल.